पीएसी (प्री-अ‍ॅनेस्थेटिक चेकअप, म्हणजे भुलीआधीची तपासणी) कशी करायची: भूल विभागात नव्याने जॉईन झालेल्या जेआरसाठी (ज्युनियर रेसिडेंटसाठी)

जॉईन झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच कोणीतरी सीनियर उद्याच्या ओटी लिस्टचा फोटो पाठवतो आणि म्हणतो, जा, पीएसी करून ये. पुस्तकात प्री-अ‍ॅनेस्थेटिक इव्हॅल्युएशनचा चॅप्टर वाचलेला असतो, पण वॉर्डात गेल्यावर सर्जरीचा इंटर्न फाईल पुढे करून म्हणतो "फक्त फिटनेस लिहून द्या ना", पेशंट अंघोळीला गेलेला असतो, नातेवाईक रिपोर्ट आणायला खाली गेलेत, आणि लिस्टवर अजून सहा नावं बाकी असतात. म्हणून हा लेख. मोठ्या पुस्तकात काय आहे ते इथे परत लिहीत नाही, वॉर्डात उभं राहून काय बघायचं, काय विचारायचं, कुठल्या क्रमाने, एवढंच. आणि एक आधीच सांगतो, तुमच्या डिपार्टमेंटचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तो पाळा, शंका आली की लेक्चररना फोन करा, रात्री अकराला पण करा, तेच त्यांचं काम आहे.

फिटनेस हा शब्द मात्र डोक्यातून काढा. आपण पेशंटला पास-नापास करायला जात नाही. प्रत्येक गोष्ट सापडली की स्वतःला एकच विचारायचं: यामुळे उद्या मी काय वेगळं करणार? दमा आहे, बरं, मग उद्या काय वेगळं? सकाळी नेब्युलायझेशन, जमलं तर स्पायनल (कमरेतून भूल) किंवा ब्लॉक (तेवढाच भाग बधिर करणं), ट्यूब टाकायचीच असेल तर खोल भुलीत. उत्तर "काहीच नाही" असेल तर ती गोष्ट एका ओळीत लिहून पुढे जा. उत्तर मोठं असेल तर तिथे थांबा.

आधी ऑपरेशन समजून घ्या

पेशंटकडे जायच्या आधी दोन मिनिटं फाईल. कुठलं ऑपरेशन, कुठली बाजू, किती वेळ, कुठल्या पोझिशनमध्ये, रक्त किती जाणार, दुर्बिणीने की उघडून. हर्निया आणि हर्निया सारखे नसतात, ओपन इंग्वायनल हर्निया स्पायनलमध्ये आरामात होतो पण तोच लॅप्रोस्कोपिक म्हटलं की पोटात गॅस भरणार, बहुतेक वेळा जनरल लागणार, आणि मग सीओपीडीवाल्या काकांचा सगळा हिशोब बदलतो. लिस्टवर नुसतं "हर्निया" लिहिलेलं असेल तर सर्जरीच्या जेआरला विचारा. बाजू तर पेशंटलाच विचारून फाईलशी ताडून बघा, कुठला पाय, बोट ठेवून दाखवा म्हणायचं.

मग पिशवी. आपल्याकडे प्रत्येक पेशंटच्या बेडखाली किंवा उशाशी एक प्लॅस्टिकची पिशवी असते, साडीच्या दुकानाची नाहीतर मेडिकलची, त्यात जुने रिपोर्ट, ईसीजीच्या गुंडाळ्या, अर्ध्या वापरलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप, कुठल्यातरी जुन्या अ‍ॅडमिशनचं डिस्चार्ज कार्ड, सगळं एकत्र. ही पिशवी बेडवर ओतून बघायला पाच मिनिटं लागतात आणि वॉर्डातल्या फाईलमध्ये नसलेली निम्मी हिस्ट्री तिथे सापडते. "काही आजार नाही" म्हणणाऱ्या माणसाच्या पिशवीतून अँजिओप्लास्टीचं कार्ड निघतं. तो खोटं बोलत नसतो, त्याच्या हिशोबाने स्टेंट टाकला म्हणजे आजार संपला.

बोलणं

स्टूल ओढून बसा. उभं राहून विचारलं की उत्तरं "नाही, नाही, नाही" अशीच येतात, कारण पेशंटला वाटतं डॉक्टर घाईत आहेत. काका, मावशी, आजी, दादा, जे वयाला शोभेल ते म्हणा, बेड नंबर बारा म्हणू नका. आधी सांगा की मी भूल देणाऱ्या टीममधला डॉक्टर आहे, उद्या तुम्हाला भूल कशी द्यायची ते ठरवायला आलोय. बऱ्याच लोकांना भूल देणारा वेगळा डॉक्टर असतो हेच माहीत नसतं.

पहिला मोठा प्रश्न ताकदीचा, म्हणजे शरीर कितपत कष्ट सोसतं. पुस्तकात चार मेट (मेट म्हणजे कष्ट मोजायचं एकक) म्हणजे न थांबता दोन जिने असं दिलंय. पण गावाकडच्या आजींच्या घराला जिनाच नसतो, आणि "दम लागतो का" विचारलं तर त्या नाहीच म्हणतात, कारण दम लागेल असं काही करणंच त्यांनी कधीचं बंद केलेलं असतं. म्हणून कामं विचारा. पाण्याचा हंडा कोण आणतं? शेतात चालत जाता की गाडीवर? बाजारातून भरलेली पिशवी घेऊन चढावर येता का? जेजुरीच्या पायऱ्या चढलात का एवढ्यात, मध्ये कितीदा बसलात? वारी चालत करता का, यंदा गेलात का, आणि गेला नाहीत तर का नाही? या शेवटच्या "का नाही" मध्ये खूप काही असतं, गुडघे दुखतात म्हणून की धाप लागते म्हणून, दोन्हींचा अर्थ वेगळा. गुडघ्यामुळे चालणंच बंद असेल तर हृदयाची ताकद बोलण्यातून कळत नाही, तसं नोटमध्ये स्पष्ट लिहा.

हे सगळं विचारायला का सांगतोय तर नुसत्या नजरेने अंदाज फार चुकतो. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, चार मेट गाठू न शकणाऱ्या पाच पेशंटपैकी जेमतेम एक डॉक्टरांना नुसत्या अंदाजाने ओळखता आला. त्या अभ्यासात ड्यूक अ‍ॅक्टिव्हिटी स्टेटस इंडेक्स नावाची बारा प्रश्नांची यादी जास्त कामाची ठरली. यादी चांगली आहे, फक्त त्यात गोल्फ आणि टेनिस आहे, तिथे आपलं खुरपणी, धुणं, सायकल घालून विचारा.

छातीचं विचारताना "छातीत दुखतं का" एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या दुखण्याचं, नाव गॅस असतं. "छातीत नाही हो, गॅस होतो." गॅस कधी होतो? चढावर चालताना होतो, थांबलं की जातो, कधी डावा हात भरून येतो, जबडा आखडतो. हा गॅस नाही, ईसीजी काढा आणि सीनियरला सांगा, ईसीजी नॉर्मल आला तरी सांगा. झोपताना उशा किती लागतात, रात्री धाप लागून उठून बसावं लागतं का, संध्याकाळी पायाला सूज येते का, हे पण इथेच. घोरण्याचं बायकोला किंवा नवऱ्याला विचारा, स्वतःच्या घोरण्याबद्दल कोणाला काहीच माहीत नसतं. झोपेत श्वास मध्येच थांबतो असं घरचे म्हणाले तर स्टॉप-बँग स्कोअर काढा.

व्यसनं. इथे प्रश्न फोडून विचारायचा. "तंबाखू खाता का" ला बायका नाही म्हणतात आणि खरंच खात नसतात, पण मिश्री लावतात, दिवसातून तीन-चार वेळा, ती तंबाखूच आहे. विदर्भात खर्रा, इकडे मावा, गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे पण पुड्या काय बंद झालेल्या नाहीत. सगळी नावं घेऊन विचारा. बिडी-सिगारेट किती, किती वर्षं. आणि आजपासून बंद करा म्हणून सांगा, ऑपरेशन उद्या असलं तरी सांगा, बारा ते चोवीस तासात रक्तातला कार्बन मोनॉक्साईड उतरतो, त्याचा फायदा आहेच. फुफ्फुसाचा खरा फायदा मात्र चार ते आठ आठवडे बंद ठेवल्यावर.

दारूचं बायकोसमोर विचारू नका. तिला काहीतरी निमित्ताने बाहेर पाठवा, मग विचारा, आणि "घेता का" नाही तर "किती घेता, क्वार्टर की जास्त, शेवटची कधी घेतली". रोज घेणारा माणूस अ‍ॅडमिट झाल्यापासून बंद असतो, दोन-तीन दिवसांनी हात थरथरायला लागतात, बडबड सुरू होते, आणि ते नेमकं ऑपरेशननंतरच्या रात्री होतं. आधी माहीत असेल तर थायमिन, बेंझोडायझेपिन, सगळं ठरवून ठेवता येतं.

आधी कधी भूल दिली होती का, हा प्रश्नही उलगडून विचारा: कमरेत इंजेक्शन दिलं होतं की पूर्ण झोपवलं होतं? जागं व्हायला उशीर लागला का? मशीनवर किंवा आयसीयूत ठेवावं लागलं का? डॉक्टर म्हणाले होते का की नळी टाकायला त्रास झाला? उलट्या फार झाल्या का? मग घरात कोणाला, सख्ख्या-चुलत नात्यात, भुलीत काही झालं होतं का. सक्सिनिलकोलिननंतर तासन्‌तास श्वास न येणं आणि मॅलिग्नंट हायपरथर्मिया (भुलीच्या औषधांनी शरीर एकाएकी प्रचंड तापणं) हे दोन्ही घराण्यात चालत येतात, आणि ते फक्त याच एका प्रश्नातून कळतं, कुठल्याही रूटीन रिपोर्टमध्ये येत नाही.

मग अ‍ॅलर्जी, फिट, लकवा, टीबी, थायरॉईड, काविळ, लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का. हे शेवटचं विसरू नका, र्‍हुमॅटिक हृदयरोग आपल्याकडे अजून आहे, आणि सिझेरियनला आलेल्या विशीतल्या मुलीत मायट्रल स्टेनोसिस पहिल्यांदाच सापडतो, तिला सवयीने स्पायनल दिलं तर जिवावर येऊ शकतं. विदर्भात किंवा नंदुरबारकडे काम करत असाल तर सिकलसेल विचारा, तपासणी झालीय का, लाल-पिवळं कार्ड आहे का. वयात आलेल्या मुलींना आणि बायकांना शेवटची पाळी कधी आली, एकटीला विचारा.

औषधं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथे एका फोनने किंवा एका ओळीने ऑपरेशन वाचतं किंवा रद्द होतं. स्ट्रिप हातात घेऊन मागचं बारीक अक्षरातलं वाचा. पेशंट म्हणतो "बीपीची एक गोळी", ती टेल्मा-एएम असते, म्हणजे टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन दोन्ही. "शुगरची एक", ती ग्लायकोमेट-जीपी, म्हणजे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड. आणि सगळ्यात फसवी म्हणजे "रक्त पातळ व्हायची", इकोस्प्रिन म्हणून आपण सोडून देतो आणि ती इकोस्प्रिन गोल्ड निघते, ज्यात क्लोपिडोग्रेल पण आहे. नुसत्या कमी डोसच्या अ‍ॅस्पिरिनवर स्पायनल देता येतं, क्लोपिडोग्रेलवर नाही, ते पाच ते सात दिवस बंद लागतं. पण स्टेंट असेल तर ते स्वतःच्या अधिकारात बंद करायचं नाही, आधी स्टेंट कधी टाकला, कुठला टाकला, कशासाठी टाकला ते शोधा आणि कार्डिओलॉजिस्टशी बोला. औषधवाला स्टेंट असेल तर थांबवता येण्यासारखं ऑपरेशन साधारण सहा महिने थांबवतात, अ‍ॅटॅक येऊन टाकला असेल तर वर्षभर.

वॉरफेरिन पाच दिवस आधी बंद, अ‍ॅसिट्रॉम साधारण तीन दिवस, आणि दोन्हीत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) बघूनच स्पायनलची सुई. व्हॉल्व्ह बदललेला असेल तर मध्ये हेपॅरिन द्यायचं का हा निर्णय तुमचा नाही. डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान वाले स्पायनलच्या आधी किमान तीन दिवस, किडनी खराब असेल तर जास्त. वॉर्डात एनोक्सापारिन चालू असेल तर शेवटचा डोस किती वाजता दिला ते सिस्टरकडून लिहून घ्या: डीव्हीटी (पायाच्या शिरेतली गुठळी) टाळायच्या डोसनंतर बारा तास, उपचाराच्या डोसनंतर चोवीस.

बीपीच्या गोळ्यांमध्ये बीटा ब्लॉकर चालू, अ‍ॅम्लोडिपिन चालू, सकाळी घोटभर पाण्याबरोबर. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल यांना बहुतेक ठिकाणी चोवीस तास आधी थांबवतात कारण भुलीत बीपी पडतं आणि लवकर उचलत नाही. फ्रान्समधल्या २०२४ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये चालू ठेवलेल्यांना ऑपरेशननंतर जास्त गुंतागुंत झाली नाही, पण ऑपरेशनच्या वेळी बीपी जास्त वेळा पडलं, म्हणजे वाद अजून मिटलेला नाही, तुमचं डिपार्टमेंट जे करतं ते करा. आणि एकत्र गोळी असेल तर काय करायचं ते पेशंटला नाही, सिस्टरना स्पष्ट लिहून द्या, कारण "बीपीची गोळी घ्या" लिहिलं की दोन्ही औषधं पोटात जातात.

शुगर. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड ऑपरेशनच्या सकाळी नाही. इन्सुलिनमध्ये ग्लार्जिनसारखं लांब चालणारं पूर्ण बंद करायचं नसतं, आदल्या रात्री साधारण पाऊण डोस, आणि टाईप वन असेल तर तर अजिबात बंद नाही. सध्या सगळ्यात जास्त निसटणारी गोष्ट म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मंडळी. स्वस्त झाल्यापासून तालुक्याच्या प्रिस्क्रिप्शनवर पण दिसतात, कधी शुगरसाठी, कधी हृदयासाठी, म्हणजे डायबेटीस नसलेल्या पेशंटला पण. ही तीन दिवस आधी बंद लागतात. नाहीतर कीटोअ‍ॅसिडोसिस होतो आणि तो पण शुगर जवळपास नॉर्मल दाखवत, त्यामुळे ग्लुकोमीटर बघून कोणाला शंका येत नाही. आदल्या रात्री कळलं की काल सकाळी गोळी घेतलीय, तर लगेच वर कळवा, लपवून काही उपयोग नाही. वजन कमी करायची आठवड्याची इंजेक्शनं, सेमाग्लुटाईड वगैरे, ती पण विचारा, जठर रिकामं व्हायला उशीर लागतो, उपाशी असून पोट भरलेलं असू शकतं.

थायरॉईड, फिट, पार्किन्सनची औषधं, दम्याचे पंप, स्टॅटिन, सगळं चालू. फिटची गोळी "उपाशी राहायचंय म्हणून" चुकवली जाते, हे सिस्टरना वेगळं सांगा.

आणि काढे, पुड्या, गावठी औषधं. सांधेदुखीसाठी कोणाकडून तरी आणलेली पांढरी पूड, दोन वर्षं चालू आहे, चेहरा गोल झालाय, कातडी पातळ झालीय, दंडावर निळे डाग. यात स्टेरॉईड असायची शक्यता धरूनच चाला आणि हायड्रोकॉर्टिसोनचा विचार नोटमध्ये लिहा. ओरडायचं नाही हं, एकदा ओरडलात की पुढच्या कुठल्याच प्रश्नाला खरं उत्तर येत नाही.

तपासणी

सुरुवात तोंडापासून, कारण पेशंट भुलीत जातो तेव्हा आपल्याला सगळ्यात आधी लागतो तो श्वासमार्ग. पेशंटला सरळ बसवा, तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढायला सांगा, "आ" म्हणायला लावू नका, आवाज काढला की टाळू वर जातो आणि ग्रेड खोटा चांगला दिसतो. पडजीभ, टाळू, बाजूचे खांब किती दिसतात त्यावर मॅलमपट्टी ग्रेड. ही पद्धत १९८५ मध्ये ज्यांनी मांडली ते मॅलमपट्टी मूळचे भारतातलेच, चौथा ग्रेड १९८७ मध्ये दुसऱ्यांनी जोडला. पण एकट्या मॅलमपट्टीवर विसंबू नका, एक एकटी टेस्ट फारशी भरवशाची नाही, चार गोष्टी मिळून बघायच्या.

तोंड किती उघडतं: पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. खर्रा-गुटखावाल्यांत इथेच गाडी अडते. गालाच्या आत बोट घालून बघा, ग्लोव्ह घालून अर्थातच, आत पांढरे घट्ट पट्टे लागले तर सबम्यूकस फायब्रोसिस. आणि लक्षात घ्या, दुखण्यामुळे बंद झालेलं तोंड भुलीत उघडतं, फायब्रोसिसचं उघडत नाही. हा पेशंट दिसला की त्याच मिनिटाला सीनियरला फोन, फायबरऑप्टिक लागेल, नाकातून जागेपणी ट्यूब टाकायला लागेल, ते साहित्य उद्या सकाळी साडेआठला शोधायचं नसतं.

हनुवटीपासून गळ्याच्या मण्यापर्यंतचं अंतर, मान पूर्ण मागे घेऊन, साडेसहा सेंटीमीटर असावं, सहाच्या खाली असेल तर सावध. मान किती मागे जाते, खालच्या दातांनी वरचा ओठ चावता येतो का. ट्यूब टाकणं अवघड जाईल का एवढंच बघून थांबू नका, मास्कने हवा देता येईल का हे त्याहून महत्त्वाचं: दाढी, दात नसणं, लठ्ठपणा, वय पंचावन्नच्या पुढे, घोरणं. दाढी काढणार का असं विचारताना धर्म-नवस असू शकतो, समजून विचारा. दात हलवून बघा आणि कुठला हलतोय ते नंबरासकट लिहा. कवळी असेल तर उद्या काढून नातेवाईकांकडे द्यायची. कवळीची लाज वाटते म्हणून बरेच जण सांगत नाहीत, तोंडात बघितल्यावरच कळतं.

डायबेटीसवाल्यांना नमस्कार करायला सांगा. दोन्ही तळहात आणि बोटं एकमेकांना पूर्ण चिकटत नसतील तर सांधे ताठ झालेत, मानेचे पण झालेले असू शकतात. त्याच पेशंटचं बीपी झोपून आणि उभं राहून घ्या, उभं राहिल्यावर वरचं बीपी वीसपेक्षा जास्त पडलं तर ऑटोनॉमिक न्यूरोपॅथीचा संशय.

छाती ऐका, शर्टावरून नाही. मर्मर ऐकू आला तर इको. श्वास रोखून धरायला सांगा आणि घड्याळ बघा, पंचवीस सेकंदांच्या वर ठीक, पंधराच्या खाली म्हणजे राखीव ताकद फारच कमी. फुकटची टेस्ट आहे, कोणी करत नाही. पाठ उघडून बघा, बाक, जुनी शस्त्रक्रिया, सुई टोचायच्या जागी फोड. हाताच्या शिरा बघा, डायलिसिसवाल्यांचा फिस्टुला कुठल्या हाताला आहे ते लिहा, त्या हाताला बीपीचा पट्टा पण नाही. मुलांचं वजन स्वतः काट्यावर करा, फाईलमधलं वजन अंदाजे असतं आणि आपले सगळे डोस वजनावर.

रिपोर्ट

आपल्याकडे सगळ्यांचं सगळं करायची पद्धत आहे, सीबीसी, शुगर, क्रिएटिनिन, ईसीजी, एक्स-रे, व्हायरल मार्कर्स. वीस वर्षांच्या धडधाकट मुलाच्या हायड्रोसीलला एक्स-रे कशाला, मला आजवर कळलेलं नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्येच लिहिलंय की ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे रूटीन म्हणून करू नका. जुना टीबी, खोकला, मोठी गलगंड असेल तर जरूर करा. एचआयव्हीचा रिपोर्ट फाईलच्या वर लाल शाईने लिहायची घाण सवय काही ठिकाणी आहे, ती उचलू नका, २०१७ चा कायदा गोपनीयता मागतो, आणि काळजी सगळ्याच पेशंटमध्ये सारखी घ्यायची असते.

हिमोग्लोबिन दहा पाहिजेच हा जुना नियम, आता ऑपरेशन बघून ठरवतात. रक्त फारसं जाणार नसेल तर आठ-नऊवर पण करतात, पण फायब्रॉईडसाठी गर्भाशय काढायचंय, आठ आहे आणि घाई नाही, तर शिरेतून आयर्न देऊन काही आठवडे थांबलेलं केव्हाही बरं, एक पिशवी चढवून उद्या घेण्यापेक्षा.

मेडिसीनला रेफरन्स पाठवताना "काइंडली गिव्ह फिटनेस" लिहू नका. उत्तर येतं "फिट अंडर मॉडरेट रिस्क", त्याचं आपण काय करणार? नेमका प्रश्न लिहा: एट्रियल फिब्रिलेशन आहे, रेट १३०, ऑपरेशनआधी रेट कमी करून द्या. किंवा: दम्याची शिट्टी ऐकू येतेय, उपचार वाढवता येतील का.

थांबवायचं कधी

सगळंच थांबवणारा भूलतज्ज्ञ कोणालाच नको असतो, आणि काहीच न थांबवणारा धोक्याचा. ठरवून केलेल्या ऑपरेशनला बीपी १८०/११० च्या खाली असेल तर साधारण पुढे जातात, वॉर्डात एकदा १६० दिसलं म्हणून केस कॅन्सल करू नका, परत शांतपणे घ्या. हार्ट अ‍ॅटॅकनंतर किमान साठ दिवस. हार्ट फेल्युअर, चालू अंजायना, ऐकू येणारी शिट्टी, कीटोन्स, हे थांबवतात. सर्दीवाल्या मुलाचं नाक पाण्यासारखं वाहतंय, खेळतोय, ताप नाही, छाती स्वच्छ, तर सीनियरच्या सल्ल्याने घेता येतं. ताप, पिवळा शेंबूड, ओला खोकला असेल तर किमान दोन आठवडे, छातीत गेलं असेल तर चार ते सहा. घरच्यांनी कामावर सुट्टी टाकलेली असते, योजनेची मंजुरी आलेली असते, म्हणून पुढची तारीख सर्जनकडून तिथल्या तिथे घेऊन द्या, नुसतं "नंतर या" नाही.

इमर्जन्सीत हे सगळं पाच मिनिटांत: अ‍ॅलर्जी, औषधं, जुने आजार, शेवटचं कधी खाल्लं, काय झालं, तोंड बघा, छाती ऐका, पोट भरलेलं धरा, चला.

उपाशी ठेवणं

नियम सोपा: पाणी किंवा कोरा चहा दोन तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, वरचं दूध आणि हलकं खाणं सहा, तेलकट-मटण आठ. दुधाचा चहा दुधातच धरायचा. "उपवास करा" असं सांगू नका, साबुदाण्याची खिचडी खाऊन येतात आणि त्यात त्यांची काही चूक नसते. "पोटात काहीही नाही, चहा नाही, बिस्कीट नाही, तंबाखू नाही, पाणी अमुक वाजेपर्यंत" असं घड्याळ सांगा. उलटा त्रास जास्त मोठा आहे, सगळ्यांना रात्री दहापासून पाणी पण बंद आणि केसचा नंबर लागतो दुपारी दोनला. लहान मुलं आणि डायबेटीसवाले लिस्टवर पहिले घ्यायला सर्जनला सांगा, आणि नंबर मागे गेला तर वॉर्डात फोन करून पाणी द्यायला सांगा, ते आपलंच काम आहे.

दागिन्यांचं आदल्या दिवशीच बोला. जोडवी, चमकी, बांगड्या निघतात, मंगळसूत्रावर ओटीच्या दारात रडारड होते. घरातल्या मोठ्या बाईला जवळ बोलावून आधीच सांगितलं तर त्या स्वतः काढून सांभाळतात. एका तरी बोटाची नेलपॉलिश काढायला सांगा, ऑक्सिमीटर लावायला.

नोट आणि संमती

एएसए ग्रेड (पेशंट मुळात किती आजारी आहे त्याची श्रेणी) लिहा, आणि मनाने नाही. धडधाकट माणूस एक. आटोक्यातला डायबेटीस किंवा बीपी, गरोदर बाई, बिडी ओढणारा, बीएमआय तीस ते चाळीस, हे दोन. शुगर आटोक्यात नाही, नियमित डायलिसिसवर आहे, तीन महिन्यांहून जुना अ‍ॅटॅक, हे तीन. अ‍ॅटॅकला तीन महिने व्हायचेत तर चार. इमर्जन्सीला पुढे ई. ग्रेडखाली प्लॅन: कुठली भूल, रक्त किती तयार, आयसीयू बेड लागेल का, कुठली गोळी द्यायची, कुठली नाही, नावासकट वेळेसकट. "कंटिन्यू ऑल मेडिकेशन" ही ओळ लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ओटीत शिव्या पडतात, रास्तच.

संमती पेशंटला समजेल अशा मराठीत, आणि सही आधी पेशंटची, नवऱ्याची किंवा मुलाची नाही, पेशंट शुद्धीत आणि सज्ञान असेल तर. लोकांच्या मनात दोनच भीत्या असतात: कमरेच्या इंजेक्शनने आयुष्यभर कंबर दुखते का, आणि मी परत उठेन ना. पहिलीला सांगा की सुई टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकतं, वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं कारण बहुतेक वेळा दुसरं असतं. दुसरीला हसू नका. भूल देणारा डॉक्टर पूर्ण वेळ तुमच्या डोक्याशी बसून असतो, इंजेक्शन देऊन निघून जात नाही, हे सांगितलं की चेहरा बदलतो, खरंच बहुतेकांना हे माहीत नसतं.

मग सकाळी ओटीच्या बाहेर ट्रॉलीवर पुन्हा दोन मिनिटं: शेवटचं काय खाल्लं, रात्रीत ताप-खोकला, सकाळची शुगर, कुठली गोळी खरंच घेतली, कवळी निघाली का. ट्रॉली घेऊन आलेल्या वॉर्डबॉय मामांनाही विचारा, पेशंटने खाली चहा घेतलेला त्यांनी पाहिलेला असू शकतो.